छाट

भूदेवी अंकमला मी ओळखते
साखर पेठेच्या ब्रँचमध्ये ती माझ्या डाव्या अंगाला बसायची तेव्हापासून.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
आणि तोंडात चार गल्ल्यांना ऐकू जाईल असं तेलुगू.
पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापताना
कात्री बोलायची तिची.

चेकर काशिनाथ हजारामागे दीडशे छाट काढायचा.
छाटीचे पैसे नाहीत.
छाट परत पदरातही नाही,
ती गुपचूप मालकाच्या पोत्यात.
ठाऊक सगळ्यांना होतं.
ठाऊक असून आम्ही पान भिजवत होतो.

एका मंगळवारी भूदेवी उठली.
"वाईट आहे ना? मग मोड."
काशिनाथ हसला.
मग तिनेच मोडल्या, एकेक, त्याच्या टेबलावर,
मोठ्याने मोजत, दीडशेच्या दीडशे.
एकशे विसापासून आम्हीही मोजू लागलो.

त्यानंतरचे एकेचाळीस दिवस.
मे महिना, डांबर चपलेला धरून ठेवायचं,
कलेक्टर कचेरीपुढे आम्ही रिकामी सुपं बडवत बसलेलो.
सही ती तिथे शिकली, माझ्या पोराच्या वहीत,
"भू"चा ऊकार आधी उलटा जायचा.
करारावर सरळ गेला:
हजारी पंचवीसच्या वर छाट नाही.

पुढे नगरसेवक. पुढे आमदार.
निशाणी कात्री. प्रत्येकीने एका कट्टीचे पैसे दिले.
मुंबईहून फोन यायचा,
"अक्का, इथली खुर्ची फिरते गं, मला गरगरतं."
आम्ही फोनभोवती सात जणी हसायचो.

दुसऱ्या खेपेला निशाणी मोठ्या पक्षाची.
मी मशीनपुढे उभी, कात्री शोधत,
मागून पोलिंगवाला म्हणाला, "आजी, आटपा."
मी काही तेव्हा आजी नव्हते.

खोटं का बोलू,
बिडी दवाखान्यातलं एक्स-रे मशीन तिनेच आणलं.
माझी छाती मी पहिल्यांदा तिथे पाहिली,
चुलीवरच्या भिंतीसारखी.

विजापूर रोडच्या बंगल्यावर फाटकाशी एक पोरगा असायचा, वही घेऊन.
कोण आत, कोण उद्या, कोण नाहीच.
पीएफच्या कागदासाठी मी तीनदा गेले.
तिसऱ्यांदा त्याची बोटं नीट पाहिली,
न बघता उचलायची, बाजूला ठेवायची,
आणि मला काशिनाथ आठवला,
जो मरून नऊ वर्षं झाली होती.

मग पुड्यावर रोगी गळ्याचं चित्र छापायचा हुकूम आला.
मालकांनी कारखान्यांना कुलपं घातली.
स्टेजवर भूदेवी आणि मालक, माईक एकच.
काम चालू राहिलं पाहिजे, दोघंही म्हणाले.
टाळ्या आम्हीच वाजवल्या.
आठ दिवस चूल थंड होती,
टाळी कोणाला पडते ते बघायला सवड नव्हती.

ती पडली चौदाशे मतांनी.
त्यातलं एक माझं होतं की नाही
हे मी तिला सांगितलेलं नाही.

परवा दुपारी रिक्षाने आली, एकटी.
पाच दिवसांनी नळाची पाळी होती,
मी हंडे मांडून बसले होते.
"रा अक्का, कूसो," म्हटलं.
तिने सूप ओढून घेतलं.
बोटं जाड झालेली, अंगठीत पान अडकायचं.
अंगठी काढून उंबऱ्यावर ठेवली.
तासाभरात एक कट्टी.

मी मोजली.
पंचवीसमधल्या चार बाजूला ठेवल्या.
ती काही बोलली नाही.
मग स्वतःच पाचवी उचलली,
उजेडात धरली, चारांशेजारी ठेवली.
"मोडू?" म्हणाली.

नळ खाकरला.
मी म्हटलं, आधी पाणी भरू.